पान बेचाळीस

नार्वात नदी अरुंद आहे.
या काठावर एक किल्ला, त्या काठावर एक,
मधोमध सरहद्द,
आणि आमच्या कॉलेजच्या खिडकीतून
दोन्ही किल्ले दिसतात, काच पुसलेली असली तर.

मी हिशेब शिकवते. मूल्यांकन, घसारा, व्याज.
असल्या विषयात कुणाचं काय दुखणार?
त्या मंगळवारी फळ्यावर उदाहरण होतं:
नदीकाठचं घर, दोन मजले. किंमत काढा.

हेले म्हणाली, माझ्या पणजोबांचं घर तिथंच होतं.
युद्ध संपल्यावर त्यांना परतू दिलं नाही.
नंतर आलेल्यांना फुकटात मिळालं.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

मागच्या बाकावरून ग्लेब उठला.
सुरुवात केली एस्टोनियनमध्ये,
अर्ध्यावर शब्द संपले, तसा रशियनवर आला:
पणजी आली तेव्हा घर नव्हतंच,
विटांचा ढीग होता.
एकोणीस वर्षांची पोर.
गिरणीत रात्रपाळी करून
दिवसा विटा रचायची.
फुकटात म्हणे!

वर्ग दोन बाजूंना सरकला,
बाकं मात्र जागची हलली नाहीत.
आणि मी काय केलं?
घसा खाकरला. म्हणाले,
पान बेचाळीस उघडा.

सगळ्यांनी उघडलं.
हेच मला अजून खुपतं,
की सगळ्यांनी निमूट उघडलं.

शनिवारी आम्हा शिक्षकांचाच वर्ग भरला,
व्यायामशाळेत, कारण तिथलाच हीटर चालू होता.
शिकवायला ऊर्वेबाई. चाळीस वर्षं रसायनशास्त्र,
गुडघे गेलेले, आवाज शाबूत.
नियम सांगतील, उतरवून घेऊ,
म्हणून आम्ही वह्या उघडून बसलो.
त्यांनी विचारलं, प्रयोगशाळेत आम्ल सांडलं
तर आधी काय करता?
पुसतो, झिनाइदा म्हणाली.
वरून वाळू टाकतो, टाइवो म्हणाला.
आधी बघायचं, बाई म्हणाल्या,
कुणाचा हात भाजला.

मग माझ्याकडे वळल्या. मारेट, तू ग्लेब हो.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
उभी राहून त्याचं वाक्य बोलू लागले
माझ्या भाषेत, घडाघडा.
असं नाही, बाई म्हणाल्या, त्याच्यासारखं,
परक्या भाषेत.
माझं रशियन बेताचं.
'विटांचा ढीग होता' एवढं जमलं,
पुढचा शब्द काही केल्या सापडेना.
सगळे बघताहेत. कान तापलेले.
तेवढ्यात टाइवोनं, ठरल्याप्रमाणे मी होऊन,
घसा खाकरला:
पान बेचाळीस उघडा.

नाटकच होतं.
तरी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पुढच्या मंगळवारी पुस्तक मी खणात ठेवलं.
म्हणाले, गेल्या वेळी मी घाबरले
आणि तुम्हाला अर्ध्यात तोडलं.
हेले, तू विचारलेला रकाना मला माहीत नाही.
ग्लेब, तुझं बोलणं पुरं झालं नव्हतं.

शांतता.
बाईंनी सांगितलं होतं, मनात नऊपर्यंत मोज.
मी सतरापर्यंत गेले.
कुणीतरी पेनाचं टोपण
काढत होतं, लावत होतं, काढत होतं.
त्या काठावरच्या बुरुजावर कावळे उतरले.

शेवटी हेलेनं, त्याच्याकडे न बघता,
विचारलं,
विटा कुठून आणायची?

ग्लेबला ठाऊक नव्हतं.
आजीला विचारावं लागेल, म्हणाला. पणजी गेली.
मग जरा वेळानं, सावकाश, एस्टोनियनमध्ये:
तिथल्याच असणार. जुन्याच.

यावर कुणी काही बोललं नाही.
कुणी कुणाला माफबीफ केलं नाही.
पहिल्या बाकावरच्या रोदिओननं हात वर केला,
बाई, हे परीक्षेला आहे का?

हसू फुटलं. दोन्हीकडे,
पण वेगवेगळ्या क्षणी.

फळ्यावर ते घर तसंच होतं, दोन मजले,
खाली किमतीची रेघ मोकळी.
तास संपला तरी मी ते पुसलं नाही.
संध्याकाळी झाडलोटीला येणारीनं पुसलं असावं.