हातचा

हाइलुओतो बेटाकडे जाणारा रस्ता
वर्षातले काही आठवडेच रस्ता असतो,
एरवी समुद्र.

तो उघडायचा की नाही हे उर्पो ठरवतो,
दर दोनशे पावलांवर बर्फाला भोक पाडून.
मागच्या घसरगाडीवर हिल्क्का, मांडीवर लॅपटॉप:
जाडी, खारटपणा, उणे एकोणीस,
किती वजन पेलेल याचं गणित.

दोन भोकांच्या मधे ती झाकण मिटते.
बॅटरीलाही थंडी वाजते.

यंत्र तसं नीट आवरून झोपतं.
घड्याळ कितीला थांबवलं, कुठलं पान उघडं होतं,
रांगेत कोण कितवा,
सगळे पूर्णांक मोजून, गाठ मारून.
अपूर्णांकांची खोली मात्र तशीच राहते.
वीज जाते, आणि सोळा कप्प्यांतली पावकी, निमकी, पाऊणकी,
दशांशचिन्हामागे तरंगत असलेलं सारं
निरोप न घेता विझतं.

जाग आली की कर्नल दारावरची पाटी वाचतो:
खोली हिल्क्काच्या गणिताची. बरोबर.
पाटी आहे म्हणजे माणूस आत असणारच.
तो दार ठोठावत नाही.

पडद्यावर उत्तर येतं:
ही संख्या नाही.

शून्य नाही, उणे नाही, चूकसुद्धा नाही.
उर्पो वाकून वाचतो, मग पायांखाली बघतो.
"मग आपण कशावर उभे आहोत?"

तीन आठवडे तिने संशय घेतला
वायरीवर, थंडीवर, स्वतःच्या सूत्रावर,
एकदा तर समुद्रावर.

मग एका दुपारी उर्पोने भोकातून काठी ओढली,
खुणेवर अंगठा दाबलेला,
आणि थर्मासचं झाकण काही एका हाताने निघेना.
"सव्वाअडतीस," तो म्हणाला, "धर जरा."
अंगठा काढला. कॉफी ओतली. प्यायला, सावकाश,
मिशीतला बर्फ वितळेपर्यंत.
"दे."
"सव्वाअडतीस."
अंगठा पुन्हा खुणेवर.

आमच्याकडे मुलं बेरीज करताना याला हातचा म्हणतात.
फिनिशमध्ये काय म्हणतात, मला माहीत नाही.
हिल्क्काला शब्द लागला नाही;
ती कॉफी न पिता काठीकडे बघत राहिली.

रात्री दोन ओळी लिहिल्या.
झोपण्याआधी हातात असेल ते स्मृतीच्या हवाली कर.
आणि दारावरची पाटी काढ,
म्हणजे उठल्यावर विचारावं लागेल.

पुढे बटाटे उकडेपर्यंत
झाकण मिटलं, उघडलं, मिटलं, उघडलं.
एकशेबारा वेळा.
दर वेळी तोच पाव, जागच्या जागी.
बटाटे मात्र करपले.

मंगळवारी रस्ता उघडला.
किनाऱ्यावर उर्पोने पाटी ठोकली: तीन टन.

गणित सव्वातीन म्हणत होतं.
हिल्क्काने पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
तो हातमोजे चढवत होता.
पाव टन त्याने
हातचा राखला होता.