डावीकडचं दार

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींनी
आठ दिवस ठेवून घेतली पद्मिनी.
कंपनीच बंद झालेली, पार्ट कुठला मिळणार?
"मिळत नसला तर करायचा," म्हणाले,
आणि लेथवरून पितळेचा बुश काढून दिला
हातात धरवेना इतका गरम.

"म्हैसूरला? ह्या गाडीतनं?"
मी मान हलवली.
"जातीया की. पण घाटात तिच्यावर ओरडू नका.
आणि ते डावं दार तेवढं राहिलंय,
आतनं उघडत न्हाई."
राहू द्या, म्हणाले मी.

सव्वीस वर्षं हे उतरायचे,
बॉनेटला वळसा घालून माझं दार उघडायचे.
मांडवापाशी, दवाखान्यापाशी,
एकदा तर भांडण अर्ध्यावर ठेवून.
गल्लीतल्या बायका म्हणायच्या,
काय बाई मगदूमांचा थाट!
खटका तुटलाय, हे मी कुणाला सांगितलं नाही.
दुरुस्त का करत नाही, हे यांना विचारलं नाही.

आता स्टिअरिंगला मी, एकसष्टाव्या वर्षी.
शेजारी रत्नाक्का, माझी थोरली जाऊ,
मांडीवर भडंगाचा डबा,
पायाशी पाण्याचे दोन कॅन:
एक आमचा, एक रेडिएटरचा.
पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर,
म्हणून टाकीत बुडवायला वेताची छडी.
तिच्यावर यांनी ब्लेडनं पाडलेल्या खुणा:
कागल. निपाणी. बेळगाव.
त्यापुढं नुसता वेत.

कागलपाशी ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.
मी उलट दिला नाही,
आमचा वाजला की वायपर फिरतात.

तवंदी घाटात, चढ संपता संपेना तिथं
वाफ आली.
गाडी कडेला घेतली, चाकामागं दगड लावला,
बॉनेट वर करून उभी राहिले.
ओरडले नाही.
खालून निपाणीचा तंबाखू वर चढत होता,
इंजिन आतल्या आत काहीबाही पुटपुटत होतं.
मी फडक्यानं झाकण धरून
किती वेळ तशीच.

काचेवर टकटक.
अगं बाई, रत्नाक्का!
घामानं थबथबलेली, ओठाला चुरमुरा,
चार बोटं खाली आलेल्या काचेतून म्हणते,
"मी काय सामान आहे गं?"

हेच म्हणायचे मी. अगदी ह्याच शब्दांत.

पदर खोचला,
बॉनेटला वळसा घालून गेले,
दाराला हात घातला.

मूठ उन्हानं तापलेली. चटका बसला.
हे कधी बोलले नव्हते.