एकास आठ

ओळंबा लावला होता, असं प्रफुल्ल ठेकेदार म्हणतो.
मग दोरीला लोंबत होतं ते काय, मला माहीत नाही.
कपाट भिंतीला टेकवलं
तर वर चार बोटं फट, खाली एकही नाही,
आणि दार आपलं आपण उघडतं
रात्री बाराला, पाहुणा आल्यासारखं.

कोपरखैरणे, सेक्टर पाच, सिडकोचं वन रूम किचन.
फंडातून काढलेले पंच्याण्णव हजार,
त्यातले पंच्याऐंशी आगाऊ,
कारण, "ताई, वाळूवाला थांबत नाय."

पहिल्या दिवशी चार माणसं आणि एक रेडिओ.
दुसऱ्या दिवशी दोन माणसं आणि रेडिओ.
तिसऱ्या दिवशी रेडिओ.
चौथ्या दिवशी गावाला कुणीतरी वारलं.
गणपती येईपर्यंत त्याच्या गावाला
पाच जण वारले होते, त्यातली आजी दोनदा.

फोन उचलत नाही.
पण रोज सकाळी सहाला त्याचं सुप्रभात येतं:
कमळ, उगवता सूर्य,
खाली लिहिलेलं, विश्वास हाच नात्याचा पाया.

मी एकतीस वर्षं नर्स होते, वाशीच्या पालिका रुग्णालयात.
डॉक्टर पेशंटच्या छातीवर एक बोट ठेवून
दुसऱ्यानं टकटक करायचे,
पाणी कुठवर चढलंय ते ऐकायचे.
मी बाजूला उभी राहून शिकले.
तशीच ही भिंत तपासली.
खिडकीखाली पोकळ. स्विचबोर्डाभोवती पोकळ.
देव्हाऱ्याच्या वर इतकं पोकळ
की आतून कुणी 'कोण?' विचारेल असं वाटलं.
वाजेल तिथं निळ्या खडूनं गोल करत गेले.
संध्याकाळपर्यंत भिंत कमी आणि गोल जास्त.
नखानं ओरखडलं तर वाळू,
नुसती वाळू, करकरीत, बिचारी,
तिला कुणी धरूनच ठेवलं नव्हतं.

तीन टाकीच्या नाक्यावर साडेसातला गेले.
थाप्या-रंधे घेऊन उभ्या पुरुषांनी
आधी भाव सांगितला, मग काम विचारलं.
मागे घमेल्यावर बसलेल्या सोजरबाईनं विचारलं,
"पानी किती दिस मारलं हुतं?"
मी म्हटलं, पाणी?
ती हसली नाही. म्हणून तिला आणलं.

जालन्याकडची. सव्वीस वर्षं घमेली वाहिली,
दिघ्यापासून उलव्यापर्यंत.
"थापी नवऱ्याच्या हातात. म्या खालून माल द्यायची."
नवरा कुठे ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
पडलेल्या भुग्यातली चिमूट जिभेवर ठेवली, थुंकली.
"एकास आठ," म्हणाली. "आन् खाडीची."

विटेपर्यंत सोलली तिनं भिंत.
विटा भिजवल्या. माल कालवला,
थापीवर घेतला, मनगट फिरवून फेकला.
चिकटला.
तो आवाज माझ्या ओळखीचा होता:
न रडणाऱ्या ओल्या बाळाच्या पाठीवरची
पहिली थाप.

"आता सात दिस पानी पाजा," जाताना म्हणाली.
"लेकरागत न्हाय. म्हशीगत."
मी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभी.
समोरच्या मढवीकाकू दारातून विचारायच्या,
घरात काय लावलंय?

पैसे एका भिंतीपुरते उरले होते.
बाकीच्या तिघी निळे गोल मिरवत तशाच आहेत.
सोजरबाईची भिंतसुद्धा
एका कोपऱ्यात जराशी फुगली आहे.
मला ते दिसायच्या आधी तिनंच दाखवलं होतं.
"हितं हात दमला," म्हणाली,
आणि मजुरीतले पन्नास रुपये
मोजून परत दिले.