कधीपासून

जुना पत्ता फॉर्मने आपणहूनच भरलाय, राखाडी अक्षरांत:
रुआ दु शाफारीश, बेचाळीस, तळमजला, पोर्टो.
तिथे कर्सर शिरत नाही.
मी दोनदा नेला, दोनदा परतला.

नवा पत्ता: माया, औद्योगिक वसाहत, शेड चौदा, गाळा क.
चौकटीत सगळं मावलं, वर बारा अक्षरांची जागा उरली.

पुढचा रकाना: कधीपासून?

आता काय लिहू, सेन्योर अडेलिनू?
लेथ गेला तीन तारखेला,
दोरखंडांनी जखडलेला, उतारावर चौघांना ओढत.
वजनांच्या पेट्या नऊला. त्या तुम्ही मांडीवर घेतल्यात टॅक्सीत,
जावयाच्या व्हॅनवर भरवसा नाही म्हणून.
फोन बाराला तोडला, सोळाला जोडला.
मधले चार दिवस कंपनी नेमकी कुठे होती
हे सरकारने विचारलं नाही, बरं झालं.
मांजर अजून आलेलंच नाही.

पत्रं तिकडेच पडतात.
हॉटेल होतंय तिथे; प्लंबर भला माणूस,
आपली बिलं नव्या बाथटबमध्ये रचून ठेवतो.

बँक, विमा, पाणी, वजनमाप खातं,
सगळ्यांना एकच वाक्य पाठवलं:
कळवण्यास आनंद होतो की.
कुणाला होतो, ते कुणी विचारत नाही.
छापील पाकिटं उरलीत सतराशे.
तुमचा हुकूम: वाया घालवू नकोस,
वरच्यावर रेघ मार, खाली हाताने लिही.
म्हणजे सतराशे वेळा
मीच.

पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंत,
मी एकोणीस वर्षांची, खिशात ब्रेडचा तुकडा:
तराजू या टेबलावरून त्या टेबलावर सरकवला
तरी त्याचं शून्य हलतं.
पाय समतल करायचे, रात्रभर हात लावायचा नाही,
मग वजन.
रात्रभर का, विचारलं तर म्हणालात,
त्याला खोलीची ओळख व्हायला हवी.

सतरा टाकली मी तारीख.
त्या दिवशी दुपारी गाळा क मध्ये
तुम्ही कोट काढलात, आजूबाजूला पाहिलंत
आणि स्वतःच भिंतीत एक खिळा ठोकलात.
तोवर अंगावरच असायचा, हीटर चालू असूनही.

बदल नोंदवला आहे, असं आलं. शुल्क कापलं गेलं.
पावतीवर पत्ता मात्र जुनाच.
उद्या फोन करीन त्यांना.
आत्ता छापली, घडी घातली,
वरच्या पाकिटात सारली,
रेघ न मारता.