सहा नंबरचा माग

ते वाक्य मीच लिहिलं होतं:
'यंत्रांचा मोठा आवाज.'
पांढऱ्या अक्षरांत, चष्म्याच्या खालच्या कडेला,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.
चाळीस अक्षरांची मर्यादा. मी निम्म्यातच भागवलं
आणि कॉफी प्यायला गेलो.

वूच शहरातली ही गिरणी आता संग्रहालय आहे.
माग तेलपाणी करून, पुढे दोरी बांधून उभे.
चष्मा घातला की हलतात.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि तुळयांवर
आम्ही हौसेनं उधळलेला कापसाचा भुरका.

गुरुवारी गेनोवेफाबाई आल्या. वय एकोणऐंशी,
हातात जाळीची पिशवी, पिशवीत बीट.
चष्मा मी बसवून दिला, कानांमागे, फार जपून.
त्यांनी वाचलं.
चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं,
खाली ओढून पुन्हा वाचलं
आणि अशा हसल्या की दारावरचा रखवालदार आत डोकावला.

"मोठा?"
स्वतःचा आवाज ज्यांना मोजता येत नाही
त्यांच्या आवाजात त्या म्हणाल्या,
"पोरा, यानंच तर माझे कान खाल्ले.
बावीस वर्षं, थोडे थोडे, उंदरानं साबण कुरतडावा तसे.
आणि तू मला त्याचं नाव लिहून दाखवतोस?"

माफी टाइप करायला मी फोन काढला.
त्यांना माफी नको होती.
बूट काढायला खुर्ची हवी होती.

दोरी ओलांडून, नुसत्या मोज्यांवर,
त्या सहा नंबरच्या मागाशी उभ्या राहिल्या.
"आवाज इथे होता." टाच आपटली.
"इथे." पोटरी.
"आणि इथे, या दाढेत, चांदी भरलेल्या.
कानांचं काय घेऊन बसलास?
खात्यात आम्ही सगळ्याच बहिऱ्या, ओठांवर बोलायचो.
मी एकटीच बहिरी आहे, हे मला घरी कळलं,
एका रविवारी, सूप उतू गेलं तेव्हा."

मग समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट.
तिथला माग कधीच भंगारात गेला,
चष्म्यातही आम्ही तो घातलेला नाही.
"तिथे लुत्सिना.
एका शुक्रवारी ती मला काहीतरी सांगत होती.
माझा धागा तुटला, मी खाली वाकले,
वर पाहिलं तर तिचे ओठ मिटलेले.
म्हटलं, सुटल्यावर विचारू.
सुटल्यावर ट्रॅमची घाई.
सोमवारी तिच्या मागावर दुसरीच कोणी."

पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.
बूट घातले. नाडी मी बांधली.
बीटांची पिशवी विसरल्या, जिन्यावरून परत आल्या,
परत गेल्या.

वाक्य बदलायला समितीची सही लागते.
कोण लुत्सिना, पुरावा काय, नातेवाइकांची संमती आहे का,
असं सगळं विचारतील.
मी विचारलंच नाही.
चाळीस अक्षरांत बसतं, दोनदा मोजलं.

सहानंतर दिवे घालवले, बूट हातात घेतले.
चष्म्यात माग धावत होते,
तळव्यांखालच्या फळ्या मात्र थंड, गप्प.
मग बाहेरून ट्रॅम गेली
आणि घोट्यांपर्यंत काहीतरी चढत आलं.

खालच्या कडेला अक्षरं उमटली:
'लुत्सिना काहीतरी सांगते आहे.'

माझी नाडी सुटून लोंबत होती.
मी खाली वाकलो नाही.