रिकामं पेव

मगदूमबाईंनी सुपारीचा डबा काउंटरवर ठेवला.
आत चार एसएसडी, कापसात गुंडाळलेल्या,
रक्ताचे नमुने आणावेत तशा.
"लॅब बंद केली. लॅपटॉप विकायचेत.
अकरा वर्षांचे रिपोर्ट आहेत, पुसून द्या.
नुसतं डिलीट नको, तेवढं मलाही येतं."

जुन्या डिस्कचं सोपं होतं, मी म्हटलं.
तबकडी फिरायची, वरून शून्यं गिरवायची,
पाटीवर ओलं फडकं.
हिच्या आत मात्र एक दिवाणजी बसलेला असतो.
सांगावं, याच जागी लिही.
तो हो म्हणतो आणि लिहितो भलतीकडे,
एकच जागा झिजू नये म्हणून.
जुनं खाली तसंच.
वहीतली नोंद तेवढी बदलते.

बाई हसल्या.
"म्हणजे आमची हरिपूरची पेवं.
वडील हळद उतरवायचे तिथं.
नवा माल दुसऱ्या पेवात, जुना कुठं
ते वही हरवली तर शेठलाही सांगता यायचं नाही.
वरून बघावं तर माती. शेळ्या चरतायत.
उतरायच्या आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, की त्या दिवशी खाली कुणी नाही."

तीन ड्राइव्ह शहाण्या निघाल्या.
त्यांच्यात सगळं पहिल्यापासून कुलपात लिहिलेलं;
त्यांनाच सांगितलं, तुझी किल्ली तू विसर.
दोन सेकंद.
"एवढ्यात?"
एवढ्यात.

चौथी स्वस्तातली.
झालं म्हणाली,
आणि मी कंदील सोडून पाहिला तर
कुणाचा तरी थायरॉइड जसाच्या तसा,
तारखेसकट.
मग दुकानाबाहेर, विश्रामबागेच्या फुटपाथवर,
विटेवर ठेवून हातोडी.
पहिला घाव माझा. पुढचे बाईंनी मागून घेतले.
प्रत्येक काळी चिप वेगळी,
बडीशेपेएवढी होईपर्यंत.
रिक्षावाला थांबून बघत राहिला.

"आता कुठंच नाही," मी म्हटलं.

त्या चष्मा पुसत होत्या.
"गणपती पेठेत एक बाई आहेत.
मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.
मी कधी चकार शब्द काढला नाही हो.
महापुराच्या सालापासून ओलांडतायत."

पावती फाडू का, मी विचारलं.
नको म्हणाल्या.
डबा तेवढा परत द्या.