एकतिसावा आवाज

प्रयोगशाळा म्हणजे टिळकवाडीतली एक मागची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
पंखा बंद, कारण पंख्याचा सूर
यंत्राला माणसाचा वाटतो.
मी मदतनीस. महिना नऊ हजार.
काम एवढंच: आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं
आणि नम्रपणे सांगायचं, आता खोटं बोला.

सर म्हणतात, गळ्यात एक बारीक कंप असतो,
सेकंदाला आठ ते बारा वेळा.
माणूस निवांत असला की असतो,
धास्तावला की विरतो.
कानाला कळत नाही, पडद्यावर कळतो म्हणतात.
हे 'म्हणतात' मी वहीत दोनदा लिहिलंय,
एकदा सरांसाठी, एकदा माझ्यासाठी.

तीस जण झाले.
हिंडलग्याचा रिक्षावाला
'नाव काय' एवढ्यावरच वर चढला.
कानडीत विचारलं होतं.
मराठीत विचारलं, तर आणखी वर.
कुठल्या भाषेतलं उत्तर कुठं जाऊन पोचेल
याचा हिशेब तो नाव सांगण्याआधीच करत होता.
यंत्रानं लिहिलं: ताण. बहुधा खोटं.
नाव त्याचंच होतं. रेशनकार्ड मी पाहिलेलं.
आणि बेळगुंदीची रताळी विकणारी पोरगी
खोटा भाव सांगताना इतकी सपाट
की सरांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

एकतिसावी अंबूबाई कामकर, वडगावची.
चाळीस वर्षं मागावर गेलेली,
खटक्याच्या वर आवाज काढायची सवय.
पहिल्या शब्दालाच रेघ पडद्याबाहेर.
म्हटलं, जरा हळू.
"हळूच बोलालोय की गे."

प्रश्न चौथा: कुणाचं देणं आहे का?
"द्यायचं हाय खरं पगार झाला नाही."

उतरवून घेणारा पोरगा पुण्याचा.
त्यानं तांबड्या शाईनं गोल केला:
सत्याचा दावा. तपासणे.
त्याला कोण सांगणार,
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
येतो खरं बस नाही.
जेवलो खरं भूक हाय.
सांगितलं असतं खरं.
भिंतीपलीकडच्या कानडी घरातही तेच, थोडं वळवून.
दोन भाषांनी मिळून ठेवलेला एक पाट,
ज्यावर टेकून माणूस
आपलंच अर्धं वाक्य मागं घेतो.

शेवटी ठरल्याप्रमाणं म्हटलं,
बाई, आता नाव दुसरंच काहीतरी सांगा.
"कशाला?"
शास्त्रासाठी.
"शास्त्राला ठाऊक हाय की माझं नाव.
तूच लिवलंयस नव्हं वर?"
मी वर पाहिलं. लिहिलं होतं.
"मग दुसरं कुणाचं घिऊ?
ज्याचं घेईन त्याला उचकी लागंल."
दोनशे रुपयांचं पाकीट टेबलावरच ठेवून उठली.
जाताना पेला विसळून पालथा घातला.

अहवाल शुक्रवारी. एकतिसावा रकाना मोकळा.
रात्री दार लावून मी माईकसमोर बसले.
माझं नाव अंबू कामकर.
राहणार वडगाव.
चाळीस वर्षं माग चालवते.
कुणाचं काही देणं नाही.
खालच्या गल्लीत कुत्रं भुंकलं, तेवढं कापून टाकलं.
रेघ हिरवी, सलग,
एकही धागा न तुटता उतरलेली.
निकाल: निवांत. सत्य.
मी तो बराच वेळ वाचत राहिले,
कौतुक झाल्यासारखी.

सकाळी सरांनी विचारलं,
सगळे आवाज ज्याचे त्याचे आहेत ना?
यंत्र बंद होतं, पंखा चालू.
मी म्हटलं, हो सर,
खरं